भेववाले, खुळवाले, राजवाले

कापूस घरात आला की आमच्या घराचा आवाज बदलतो. समोरची खोली हळूहळू आढ्यापर्यंत भरत जाते आणि त्या खोलीत बोललेलं भिंतीवर आपटून परत येत नाही. कापूस ते पिऊन टाकतो. दार लोटलं की आतून ऊब अंगावर येते, पाहुण्यांनी भरलेल्या खोलीतून यावी तशी. वास उन्हाचा असतो, थोडा सरकीच्या तेलाचा, आणि सकाळी दवात वेचलेला असेल तर ओल्या गोधडीचा. यंदाही पहिला वेचा दिवाळीच्या आधीच आला. खोली कमरेइतकी भरली आणि दरवर्षीप्रमाणे मला इंग्रजी शब्द आठवायला लागले.

माझा इंग्रजीशी तसा संबंध नाही. यवतमाळला बी.कॉम. केलं आणि तेव्हापासून नेरजवळच्या एका जिनिंगच्या काट्यावर आहे. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, वजन लिहायचं. रिकामी होऊन आली की पुन्हा घ्यायची, पुन्हा लिहायचं. मोठ्यातून धाकटं वजा केलं की माल. दोन्हींपैकी एक वजन चुकलं तरी मालच चुकतो, म्हणून मी दोन्ही वेळा आकडा हलायचा थांबेपर्यंत थांबतो. गाडीवाले वैतागतात. घरी थोडी शेती आहे, कापूस, सोयाबीन आणि धुऱ्याला, म्हणजे बांधावर, तुरी. शब्दांच्या मागे लागणारा माणूस मी नाही. ते एका हंगामात कापसाबरोबर घरात आले आणि राहिले.

तो हंगाम प्रतिभाचा होता. प्रतिभा ही माझ्या धाकट्या भावाची, विलासची बायको. माहेरी पदवीपर्यंत गेलेली ती पहिलीच. लग्नानंतर तिने तलाठ्याची परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा इंग्रजीत मागे पडली. तिसरी परीक्षा त्या हंगामाच्या शेवटी होती आणि ती शेवटचीच, कारण पुढच्या भरतीपर्यंत तिचं वय अटीच्या बाहेर जाणार होतं. नेमकं त्याच सुमारास विलासला यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत काम मिळत होतं. तो तोवर भाड्याची पिकअप चालवायचा. त्याच कारखान्यात पॅकिंगला बायका घेत होते. दोघांनी मिळून जायचं तर दिवाळी झाली की हजर व्हायचं, मग जागा थांबणार नाही, असं त्याला सांगितलेलं होतं. खोलीही पाहून ठेवली होती. पॅकिंगला लागली की अभ्यास संपला, हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण कळत सगळ्यांना होतं. दिवाळीपर्यंत पाहू, असं विलास म्हणाला. काय पाहायचं ते त्याने सांगितलं नाही.

माझी बायको सुनंदा हिने मात्र सांगितलं. वेचणीत प्रत्येक बाईच्या वाट्याला ज्या ओळी येतात त्याला आमच्याकडे पात म्हणतात. सुनंदा म्हणाली, "तिची पात मी धरीन. तिनं पुस्तक धरावं." त्या हंगामात सुनंदा दोन पाती घेऊन चालली. तांड्यावरून येणाऱ्या वेचणाऱ्या बायका तिला विचारत, धाकटी आजारी आहे का. ती म्हणे, हो, तिले इंग्रजी झालं. त्या आपसात बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काही बोलून हसत. काय बोलत ते सुनंदाने मला कधी सांगितलं नाही.

प्रतिभा घरी राहिली, तीही रिकामी नव्हती. वेचून आलेला कापूस निवडायचा असतो. पत्ती काढायची, किडका, पिवळा पडलेला कापूस, ज्याला कवडी म्हणतात, तो वेगळा टाकायचा. हे काम माय आणि ती दोघी करत. माय म्हणजे माझी आई, प्रतिभाची आत्याबाई. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात सीतादही करतात, दहीभात शिंपडून मगच पहिलं बोंड तोडतात. त्या वर्षी मायने प्रतिभाचं पुस्तकही शेतात न्यायला लावलं आणि पूजेत ठेवलं. दहीभाताचे दोन थेंब पानावर पडले. तो डाग वाळल्यावर पान कडक झालं आणि पुस्तक कधीही उघडलं तरी तिथेच उघडू लागलं. आम्हाला हवं होतं ते प्रकरण त्याच पानावर सुरू होत होतं.

ज्यांचा शेवट सारखा, अशा इंग्रजी शब्दांचं ते प्रकरण होतं. पुस्तकात ते गटागटाने दिले होते. एक शेवट, त्याखाली पंधरा-वीस शब्द, समोर अर्थ. प्रतिभा दोनदा इथेच अडकली होती. तिला अर्थ पाठ होते, पण कोणी अचानक विचारलं की एकाचा अर्थ दुसऱ्याला लागायचा. कोणीतरी रोज विचारायला हवं होतं. विलासचं इंग्रजी दहावीला सुटलं होतं. घरात हे शब्द वाचू शकणारा मी एकटा होतो, आणि मी भासरा होतो.

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, भासऱ्याशी सरळ बोलत नाही. समोर आली तर पदर पुढे ओढते, नाव घेत नाही, काही सांगायचं असेल तर तिसऱ्याला सांगते आणि ते त्याने ऐकायचं असतं. आता बऱ्याच घरांत हे राहिलेलं नाही. आमच्याकडे कोणी सक्ती केली नव्हती, पण कोणी मोडलंही नव्हतं. एखादं जुनं दार जड असतं, तरी कोणी बदलत नाही, तसं. बरीच वर्षं एका घरात राहून मला प्रतिभाचा आवाज पाठमोराच माहीत होता.

मार्ग मायनेच काढला. संध्याकाळी काट्यावरून आलो की मी ओसरीवर कापसाच्या खोलीकडे पाठ करून बसायचं. आत प्रतिभा कापूस निवडत बसेल. मधे उंबरठ्यावर, चौकटीला टेकून, माय. मी मायला विचारायचं, मायने तिला, तिने मायला सांगायचं, मायने मला. आवाज सगळ्यांना सगळ्यांचे ऐकू येत, पण ते ऐकू आले असं धरायचं नाही.

"विचार तिले, हायड्रोफोबिया म्हणजे काय," मी म्हणे.

"ते हायडर काय म्हणून राह्यला तो?"

"पाण्याचं भेव, आत्याबाई," आतून येई.

"पाण्याचं भेव म्हणते ती." आणि मग, स्वतःच्या वतीने, "विलासले हेच झालं असन. आंघोळीले पाणी काढलं का घरातून गायब."

असं ते चाले. माय चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजीचं तिला काही पडलेलं नव्हतं, पण निरोप पोचवायचं काम तिने जन्मभर केलं होतं. निरोप जसाच्या तसा पोचवणारा माणूस तिच्या मते आळशी. प्रत्येक अर्थाला ती काहीतरी जोडून देई. बंद खोलीची भीती म्हणताच तिला लग्नानंतर रुसून गुरांच्या कोठ्यात बसलेली तिची नणंद आठवली. उंचावरची भीती म्हणजे यवतमाळच्या दवाखान्यातल्या लिफ्टमध्ये शिरायला नकार देणारा माझा मामा. परक्या माणसांच्या भीतीला, झेनोफोबियाला, ती म्हणाली, हे तर नव्या सुनेलाही होते, पण ते औषधाने जात नाही, सवयीने जाते. आत निवडायचा आवाज थोडा हळू झाला.

दोन-चार दिवसांत मायने शेवटांना नावं पाडली. फोबियावाले ते भेववाले. क्लेप्टोमेनिया, पायरोमेनिया, मेगॅलोमेनिया हे खुळवाले. ज्यांच्या शेवटी लॉजी येते ते शास्त्रवाले, आणि ते तिला आवडत नसत, कारण त्यांच्यात जोडून देण्यासारखं काही सापडत नसे. डेमोक्रसीपासून सुरू होणारे ते राजवाले. नावं पाडल्यावर ती शब्द विसरली तरी घराणं विसरत नसे. मी शब्द उच्चारला की ती आधी घराणं सांगे आणि मग आत पाठवी: "भेववाला आला पाय एक."

मला त्यात माझ्या कामाची गोष्ट दिसे. शेवट म्हणजे रिकामी गाडी. तिचं वजन एकदा घेतलं की झालं, ते सगळ्यांचं सारखं. पुढे जे भरलं आहे तो माल. पुस्तकवाल्याने हे इतक्या साध्या शब्दांत लिहिलं असतं तर प्रतिभाला दोन परीक्षा कमी द्याव्या लागल्या असत्या, असं मी मायला म्हणालो. ते मायने माझ्यासमोर तरी आत पाठवलं नाही.

सारखे शेवट आपल्याकडे काय कमी आहेत? यवतमाळच्या बसस्थानकावर फलाटाच्या पाट्या वाचत उभं राहिलं की बाभुळगाव, राळेगाव, मारेगाव, महागाव. गाव सगळ्यांना सारखं, पुढचं तेवढं प्रत्येकाचं आपलं. भांडखोर, चुगलखोर, नफाखोर यांची तोंडं वेगळी, पण चालण्यावरून एका घरचे वाटतात. माणसांतही हीच पद्धत. आडनाव शेवटी. शेवटावरून घराणं कळतं, माणूस कळत नाही. फरक एवढाच, की शब्दाचा शेवट जन्मभर एकच राहतो. प्रतिभाचा एकदा बदलला होता. नव्या शेवटाखाली ती आमच्या घरात आली, तेव्हा तिच्याबद्दल आम्ही आधीच पुष्कळ धरून चाललो होतो. घराणं ठाऊक, मग शब्द काय विचारायचा.

एका घराण्याची ओळख मायला पुस्तकाआधीपासून होती. टिनाच्या शेडमध्ये फवारणीचे डबे असतात, तणाचं, किडीचं, बुरशीचं. त्यांच्यावर इंग्रजीत काय लिहिलं आहे ते एकदा तिने मला वाचायला लावलं होतं आणि तिन्हींच्या शेवटी साइड येते हे तिने तेव्हाच धरून ठेवलं होतं. आपल्याकडेही तिन्हींच्या शेवटी नाशक येतं. शेवटी साइड असेल त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा तिचा नियम. पुस्तकात ते घराणं, तिच्या भाषेत मारवाले, आलं तेव्हा डब्यांचे शब्द लगेच झाले. पुढे भावाला मारणं, आईला मारणं, बापाला मारणं, राजाला मारणं. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. माय म्हणाली, "याले वेगळा शब्द लागला म्हणजे त्याइच्यात लय घडत असन." त्या घराण्यातला एक शब्द मी विचारला नाही. आमच्या जिल्ह्यात तो पुस्तकातून शिकावा लागत नाही.

हिशेब ठेवायची मला खोड आहे. कापसाच्या खोलीच्या दारावर मी खडूने रेघा मारत असे. बरोबर उत्तराला उभी, चुकीच्या उत्तराला आडवी. वरच्या फळीवर भेववाले, मग मारवाले, खुळवाले, शास्त्रवाले, आणि सगळ्यांत खाली राजवाले, पुस्तकातल्या क्रमाने. रोज त्याच क्रमाने विचारत असे, म्हणजे आजचं कालशी ताडून पाहता येतं. दसऱ्यापर्यंत दाराचा वरचा भाग उभ्या रेघांनी भरला. मधे काही उभ्या, काही आडव्या. खालच्या फळीवर मात्र सगळ्या आडव्याच. राजवाल्यांतला एकही शब्द तिला येत नव्हता. तोवर माय दमते, शब्द आत नुसता मानेनेच पाठवत असेल, असं मी धरून चाललो होतो. मी विचारी, थांबे, मागून काही येत नसे, मी आडवी रेघ मारून पुढच्या शब्दाकडे जाई. कधी शेवटचे सातआठ शब्द असे एकामागून एक जात. मी पुस्तक मिटून उठत असे आणि मनात म्हणत असे, हे घराणं हिच्या हाती लागत नाही.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात विलास ओसरीवर येऊन बसला. तो पाहायचं म्हणाला होता ते हे. चहा झाला. त्याने दाराकडे पाहून विचारलं, "दादा, तू रोज इचारतं. तुले काय वाटते, निघते का ती?"

वाटण्याचा प्रश्न मला आवडत नाही. मी दारावरच्या रेघा दाखवल्या. वरचं चांगलं आहे, म्हणालो, मधलं सुधारेल, खालचं शून्य आहे. इंग्रजीत दोनदा जेवढं कमी पडलं साधारण तेवढंच ह्या एका गटात जातं आहे. असं असेल तर मी हो म्हणू शकत नाही.

विलास दाराकडे पाहत राहिला. तो वाईट माणूस नाही. त्यालाही तिने तलाठी व्हावं असंच वाटत होतं. पण त्याला कोणीतरी आकडा द्यायला हवा होता आणि तो आता मिळाला होता. "मंग दिवाळी झाली का निघू लोहाऱ्याले," तो म्हणाला. "पॅकिंगची जागा तरी हातची जाऊ नये."

उंबरठ्यावर माय होती. आत कापूस निवडायचा आवाज बंद झाला होता. त्या खोलीतून आवाज येणं थांबलं की कळतं, कारण कापसात शांतता जास्त दाट असते. मग प्रतिभा बोलली. ती मायशीच बोलली, पण इतकं स्पष्ट तिला बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"आत्याबाई, ते खालचे शब्द तुम्ही झोपता तेव्हाचे हायेत."

हे वाक्य साधं आहे, पण त्या घरात, त्या उंबरठ्यावर, ते सासू झोपते असंही म्हणत होतं आणि भासऱ्याचा हिशेब चुकला असंही. विलासने मान खाली घातली. माय मागे वळून आत पाहू लागली.

"मी कुठी झोपते? डोये मिटले म्हणजे झोपली काय?"

मायने थोडा विचार केला. ती पहाटे उठून वेचणाऱ्या बायकांच्या भाकरी करायची, दिवसभर निवडायला बसायची. संध्याकाळी चौकटीला टेकल्यावर तिचा किती वेळ डोळा लागत असेल ते तिलाही ठाऊक नव्हतं, आणि माझी पाठ तिच्याकडे. मी विचारत होतो. मधला माणूस झोपलेला. आतल्या बाईला उत्तर येत होतं, पण ते कोणाकडे द्यायचं? झोपलेल्या सासूला जागं करून? सरळ माझ्या पाठीला? ती उत्तर हळूच कापसात म्हणे, एवढंच, आणि कापूस आवाज पिऊन टाकतो.

माय माझ्याकडे वळली. "मी झोपली तं ती कोणासंग बोलन रे? दाराशी?" आणि मग, हसू दाबत, "नापास कराचं तं मले कर. तिचे मार्क तिले दे."

काट्यावर ही चूक दुसऱ्या कोणी केली असती तर मी उभ्या उभ्या सांगितली असती. एका ठरावीक वेळेच्या सगळ्या गाड्या हलक्या भरत असतील तर गाड्या तपासायच्या नाहीत, काटा तपासायचा. मी महिनाभर गाड्या तपासत होतो.

विलास तिथेच बसलेला असताना मी राजवाले पहिल्यापासून घेतले. मायने पदर खोचला आणि चौकट सोडून ताठ बसली. मी विचारलं, तिने आत दिलं, आतून आलं, तिने बाहेर दिलं. एकाच माणसाचं राज. देवाच्या नावाने चालणारं राज. पैसेवाल्यांचं राज; त्यावर माय म्हणाली, त्याले शब्द कायले पायजे, ते तं दिसतेच. ब्युरोक्रसी म्हणजे कचेऱ्यांचं राज. मायने ते मला सांगितलं आणि आत वळून म्हणाली, "त्याच राजात जाऊन राह्यली नं तू?" शेवटी जेरोन्टोक्रसी आला.

"म्हाताऱ्यांचं राज, आत्याबाई."

माय म्हणाली, "मंग हे तं आपलंच घर."

विलास हसला. मीही. आणि आतून हसू आलं. भावसुनेचं हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. कापसानेही ते पुरतं प्यायलं नाही.

नंतरचं थोडक्यात सांगता येतं. मी ओल्या फडक्याने दाराची खालची फळी पुसली आणि दुसऱ्या दिवसापासून राजवाले आधी घेऊ लागलो. माझी ताडून पाहायची सोय गेली, पण काटा सरळ झाला. विलास लोहाऱ्याला एकटा गेला, शनिवारी येई. पॅकिंगची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. सुनंदा शेवटच्या वेच्यापर्यंत दोन पाती चालली आणि त्या हंगामानंतर तिचं एक बोट बोंडाच्या टोकांनी असं चिरलं की थंडीत अजून उलतं. परीक्षेचं केंद्र लोहाऱ्याच्या बाजूलाच आलं. विलासने तिला फाटकापर्यंत सोडलं आणि बाहेर झाडाखाली थांबला. परत आल्यावर मायने विचारलं आणि मला सांगितलं, की भेववाल्यांतला एक आला होता, शास्त्रवाल्यांतला एक, आणि राजवाल्यांतला एकही नाही.

यादीत तिचं नाव आलं. नेमणूक मारेगावच्या बाजूला झाली. जिल्हा एकच, पण आमचं टोक अमरावतीला लागलेलं आणि ते दुसरं. मधे दोन बस बदलाव्या लागतात. विलासने पुढे लोहारा सोडून तिकडेच काम धरलं. ती दिवाळीला आणि पोळ्याला येते. तिच्याकडे आता कामासाठी लोक येतात, बोलतात, तीही बोलत असणार. भासऱ्याच्या वयाचे शेतकरी रोज तिच्या टेबलासमोर उभे राहत असतील. घरी आली की ती पदर पुढे ओढते. मी याबद्दल कधी काही म्हटलेलं नाही. म्हणायचं तर कोणामार्फत म्हणायचं, हाही प्रश्न आहे.

कारण माय गेली. मागच्या उन्हाळ्यात, फार आजारी न पडता. तेव्हापासून प्रतिभाचं आणि माझं जे काही बोलणं असेल ते सुनंदामार्फत होतं, आणि सुनंदा निरोप जसाच्या तसा पोचवते. चहा घेता का, विचारते. घेतो, सांग. एवढं त्याचं वजन.

यंदा दिवाळीला प्रतिभा आली ती पुस्तक घेऊन. तिच्या खात्यात वरच्या जागेसाठी परीक्षा आहे, नोकरीत असलेल्यांना वयाची ती अट नाही, आणि त्यातही इंग्रजीचा एक भाग आहे. हे मला सुनंदाने सांगितलं. विचारणार कोण, हे सुनंदाने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वेचणीला बायका कमी पडतात म्हणून सुनंदा दिवसभर शेतात असते, दिवे लागल्यावर येते.

परवा काट्यावरून घरी आलो. ओसरीवर माझ्या जागेशी पाण्याचा तांब्या ठेवलेला होता आणि तांब्याखाली पुस्तक. नवं नव्हे, तेच. हातात घेतलं तर दह्याच्या डागापाशी उघडलं. आत प्रतिभा कापूस निवडत होती. पत्ती काढल्याचा बारीक आवाज येत होता, उंदराने कागद कुरतडावा तसा. मधे उंबरठा. चौकटीचा रंग एका जागी, माय टेकायची तिथे, तेलकट होऊन काळा पडला आहे. दाराला मधे रंग दिला तेव्हा सुनंदाने ती जागा वगळायला लावली होती.

मी दाराकडे पाठ करून बसलो. पाणी प्यायलो. राजवाले आधी, हे ठरलेलं होतं.

"जेरोन्टोक्रसी," मी अंगणाकडे पाहून म्हणालो.

मागे निवडायचा आवाज थांबला. काही आलं नाही. अशा शांततेला मी एकेकाळी आडवी रेघ मारून पुढे जात होतो. या वेळी आकडा हलायचा थांबेपर्यंत थांबलो. समोरून एक बैलगाडी गेली, तिच्या चाकांचा आवाज वळणापाशी संपला.

"म्हाताऱ्यांचं राज," माझ्या पाठीला कोणीतरी म्हणालं. आणि थोडं थांबून, "मंग हे तं आपलंच घर, म्हणत आत्याबाई."

मी वळलो नाही. पुढचा शब्द विचारला.